नवगावची 'तेल्याची वाडी': शनवार तेल्यांविषयी कुणाला काही माहीत आहे का?

कुडाचंघर

नमस्कार मंडळी. माझं आजोळ नवगाव. अलिबागहून रेवसच्या रस्त्याला लागायचं, थळ मागे पडलं की समुद्राच्या बाजूला आत वळायचं. पुढचं गाव किहीम. त्यामुळे मुंबईची मंडळी आमच्यावरून सरळ पुढे जातात, आम्हाला कुणी ओळखत नाही. असो.

दिवाळीत मामाकडे गेले होते. विहिरीजवळची अकरा गुंठ्यांची वाडी विकायचं चाललंय, त्यासाठी मोजणी होती. नारळ, दोन रातांबे आणि भरपूर डास, एवढंच आहे तिथं. पण गावात लहानमोठे सगळे तिला 'तेल्याची वाडी' म्हणतात. आमच्या घराण्यात कुणी कधी तेल गाळलेलं नाही. मामाला विचारलं तर म्हणाला, "ती शनवार तेल्यांची. ते गेले त्यांच्या देशात." बस्स, विषय संपला.

मग आजीला धरलं. तिचं म्हणणं असं की घाणा चालताना तिनेही पाहिलेला नाही, तिच्या सासूने पाहिला होता. शुक्रवारी दिवे लागायच्या आत तेल आणायचं, नाहीतर रविवारपर्यंत कोरडी भाजी खायची. आजी लग्न होऊन आली तेव्हा ते घर वर्षभर बंद असायचं. मे महिन्यात एक कुटुंब ट्रंका घेऊन मुंबईहून यायचं. घरची बाई लुगडं नेसायची, गळ्यात काळी पोत, मराठी आपल्यासारखंच. "पण देव नव्हता हो त्यांच्या घरात. भिंत मोकळी." हे आजी अजून आश्चर्याने सांगते.

विहिरीशी एक मोठा पोकळ दगड पडलाय. त्यात गुरांना पाणी घालायचे. मामा म्हणतो तो घाण्याचा. विकत घेणाऱ्याला तिथे बंगला बांधायचाय, म्हणजे दगड जाणार.

तर प्रश्न: हे लोक नक्की कोण? आणि ते घर कुणाचं होतं हे आता शोधता येईल का?

खवचट_मी

कोरड्या भाजीचा उल्लेख वाचून डोळे पाणावले. बाकी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

निळीशाई

कुडाचंघर, तुमचं आजोळ साधंसुधं गाव नाही. बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी ज्यू, स्वतःचा उगम सांगतात तो नवगावातच.

परंपरा अशी: इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास अँटायोकस एपिफेनीस या ग्रीक राजाच्या जाचातून निसटलेलं एक गलबत चौल बंदराकडे येताना खांदेरी-उंदेरीजवळ खडकावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या नवगावच्या किनाऱ्याला लागल्या. वाहून आलेली प्रेतं गावकऱ्यांनी पुरली, पुरुषांची वेगळी आणि बायकांची वेगळी. ते दोन उंचवटे आजही नवगावच्या ज्यू दफनभूमीत दाखवतात. तिथे स्मारकही आहे. तुम्ही कधी पाहिलं नाहीत?

पोथ्या बुडाल्या, हिब्रू विसरली. उरल्या चार गोष्टी: मुलाची आठव्या दिवशी सुंता, शनिवारचं काम बंद, खवल्यांचेच मासे खायचे, आणि 'शेमा इस्रायल' ही एक प्रार्थना, जी बारशाला, लग्नाला आणि मयताला सारखीच म्हणायची. धंदा तेलाचा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते सोमवार तेली, असा फरक गाव करत असे.

पुढे डेव्हिड राहाबी नावाचा एक ज्यू कोकणात आला. हे ज्यूच आहेत की नाहीत हे बघायला त्याने बायकांना मासे रांधायला दिले. त्यांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले, तेव्हा त्याची खात्री पटली. मग त्याने झिराड, राजपूर आणि शापूरच्या तीन घराण्यांतली माणसं शिकवून तयार केली. त्यांना म्हणायचे काजी.

खवचट_मी

म्हणजे कोलंबी गेली, खेकडे गेले, शिवल्या गेल्या. अलिबागला राहून दोन हजार वर्षं हे पाळलं? यांच्या श्रद्धेला माझा दंडवत.

तिरफळ

निळीशाई, छान लिहिलंय, पण परंपरा आणि इतिहास जरा वेगळे ठेवू या. चौदा माणसं, फुटलेलं गलबत, किनाऱ्याला लागलेली प्रेतं… ओळखीचं वाटत नाही का? चित्पावनांच्या गोष्टीत परशुरामाने चिपळूणजवळ वाहून आलेली चौदा प्रेतं चितेवर शुद्ध करून उठवली. दोन्ही गोष्टी एकाच किनाऱ्यावरच्या, आकडाही तोच. कुणी कुणाची उचलली ते देव जाणे.

राहाबीचंही तसंच. समाजात त्याला हजार वर्षांपूर्वीचा मानतात. पण अठराव्या शतकात कोचीनला डच कंपनीच्या व्यवहारात असलेलं राहाबी घराणं होतं, त्यातल्याच डेव्हिड राहाबीचा हा संबंध असावा असं अभ्यासक म्हणतात. कोकणातल्या या लोकांचा बाहेरच्या माणसाने केलेला पक्का उल्लेख सापडतो तो १७३८ मधला, सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याचा. २०१६ साली जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंशी नातं स्पष्ट दिसलं आणि स्थानिक भारतीयांशीही तेवढंच. म्हणजे आले खरे, पण केव्हा आणि किती, ते चौदाच्या आकड्यात मावत नाही.

खवचट_मी

आता कोकणस्थ विरुद्ध कोकणस्थ ज्यू असा धागा वेगळा काढावा लागणार. प्रतिसाद तीनशेच्या खाली थांबणार नाहीत.

निळीशाई

@तिरफळ, अभ्यासकांचं मान्य. पण दफनभूमीत उभं राहिलात की १७३८ आठवत नाही एवढं सांगते. मी दोनदा गेले आहे.

रेवसचीलाँच

घर शोधायचं तर आडनावावरून सुरुवात करा. यांची आडनावं म्हणजे अलिबाग-पेण-रोह्याच्या एसटीचं वेळापत्रकच. नवगावकर, केहिमकर (किहीम), झिराडकर, थळकर, आवासकर, पेझारकर, चेऊलकर, दिवेकर, रोहेकर, अष्टमकर, पेणकर. समाजाचा पहिला सविस्तर इतिहास लिहिणारे हाइम सॅम्युएल केहिमकर हे नावाप्रमाणे तुमच्या शेजारच्या गावचे. त्यांनी तो १८९७ मध्ये लिहून पुरा केला. छापला गेला १९३७ साली, ते वारल्यानंतर. हिंदी सिनेमातले टकलू, हसरे डेव्हिड आठवतात? डेव्हिड अब्राहाम चेऊलकर. आडनाव चौलचं.

पण नुसत्या आडनावावर जाऊ नका, हीच आडनावं हिंदूंतही आहेत. जुन्या कागदांत पहिलं नाव बघा. तीही मराठी वळणाची करून घेतलेली: सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी, आयझॅकचा इसाजी, अब्राहामचा अबाजी, एलायजाचा एलोजी. सातबाऱ्यावर असं नाव दिसलं तर आपण मराठा समजून पुढे जातो.

पेणचागणपती

मी पेणकर. देशस्थ. शनिवारी काम करत नाही, कारण ऑफिसला सुट्टी असते. माझं काय?

रेवसचीलाँच

@पेणचागणपती, आधी कोलंबी खाता का ते सांगा.

पेणचागणपती

कोलंबीसाठी मी धर्मांतर रद्द करतो.

थळचाआगरी

आमचे आजीला ह्यांचा सगला माहीत व्हता. थलान पण घरां व्हती त्यांची. आजी सांगाची, त्यांचे लग्नान हलद लावाची, मेंदी लावाची, सगला आपले वानी. फकस्त भटाचे जागेवर काजी.

बाकी प्रमाण भाषेत लिहितो, नाहीतर संपादक ओरडतील. दगडाबद्दल: आमच्याकडे घाण्याचं उखळ लाकडाचं असायचं, चांगलं जाड खोड कोरून. त्यात लाट फिरायची, लाटेला बैल, बैलाच्या डोळ्यांना झापडं. दगडी घाणेही असतात, नाही असं नाही. पण तुमच्या दगडाला तळाशी तेल बाहेर पडायला भोक आहे का ते बघा. भोक नसेल तर ती नुसती डोण. मामाला सांगा, इतिहास नंतर, आधी भोक.

खवचट_मी

'इतिहास नंतर, आधी भोक' हे वाक्य मी पाठ करून ठेवतोय.

वालाचंबिरडं

माझ्या आयडीमुळे मला बोलणं भाग आहे!

भायखळ्याला आमच्या चाळीत दोन बेने इस्रायल कुटुंबं होती. त्यांच्या सणांची जुनी मराठी नावं ऐका. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास, त्याचं नाव बिरड्याचा रोजा. का, तर त्या दिवशी मटण नाही, मोड आलेल्या वालांचं बिरडं. मंदिर पडलं जेरुसलेमला आणि शोक वालांत, याहून अलिबागी काय असणार? 'रोजा' शब्द शेजारच्या मुसलमानांकडून, वाल आपल्याकडून.

योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाला, दार लावून घरात बसायचं, म्हणून दरफळणीचा सण. दुसरा दिवस शिळा सण. पासोव्हरला अणशी ढाकाचा सण: अणशी म्हणजे आंबट रसाचा बुधला, तो आठ दिवस झाकून ठेवायचा. आंबवलेलं चालत नाही हा नियम लक्षात होता, मिसरमधून सुटल्याची कथा विसरली होती. नवीन वर्षानंतर खिरीचा सण. हिब्रू नावं पुन्हा कळली ती पुढे, कोचीनचे शिक्षक आणि मिशनऱ्यांच्या शाळा आल्यावर.

मटणाबरोबर दूधदुभतं चालत नाही, म्हणून त्यांच्या रश्श्याला नारळाचं दूध. गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात घोटलेला हलवा नवीन वर्षाला आमच्या घरी ताटलीभर यायचा. आई ती ताटली रिकामी परत पाठवायची नाही. एकदा तिने चुकून त्यात सुकटीची चटणी घातली आणि जवळा हा मासा की कोलंबी यावर दोन घरांत तासभर चर्चा झाली. शेवटी ती चटणी वॉचमनने खाल्ली.

आणि मलिदा राहिलाच! नवस फेडायला एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात. स्वर्गात जाताना तो तिथून गेला म्हणे.

तिरफळ

घाटातलं खंडाळा नव्हे, अलिबागजवळचं खंडाळे. कुणीतरी लोणावळ्याला जाऊन रथ शोधेल.

जगाचीचिंता

हे सगळं ठीक आहे, पण आज तिकडे जे चाललंय त्याबद्दल इथे कुणी का बोलत नाही…

संपादक

वरील प्रतिसादाचा उरलेला भाग आणि त्यावरचे नऊ प्रतिसाद उडवले आहेत. धागा नवगावचा आहे, नवगावातच राहू द्या.

खवचट_मी

नऊ? मी चहाला गेलो आणि एवढं घडलं?

निळीशाई

मूळ प्रश्नाकडे. मामा म्हणाले "त्यांच्या देशात गेले". १९४८ ला इस्रायल झाला, त्यानंतर पन्नास-साठच्या दशकांत बहुतेक समाज तिकडे गेला, हे बरोबर. आता भारतात चार-पाच हजार उरलेत, मुख्यतः मुंबई-ठाण्यात. तिकडे त्याच्या कितीतरी पट.

तिरफळ

इथे मात्र मी भांडणार. नवगाव इस्रायलने रिकामं केलं नाही, मुंबईने केलं. आणि ते दोनशे वर्षं आधी सुरू झालं.

कंपनीच्या पलटणीत हे लोक अठराव्या शतकातच भरती होत होते. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल, टिपूच्या कैदेतून सुटून आला आणि १७९६ मध्ये त्याने मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. टिपूच्या आईने "तुम्ही कोण?" म्हणून विचारलं, "बेने इस्रायल" ऐकून जीवदान दिलं, अशी कथा सांगतात. ते सिनेगॉग म्हणजे जुनी मशीद. हो, सिनेगॉगला आपले लोक मशीदच म्हणायचे.

मग मुंबईत सुतारकाम, गोदी, रेल्वे, कारकुनी, पुढे बायकांना नर्सिंग आणि शिक्षिकेची नोकरी. गावात काय उरलं? गिरणीचं तेल आलं, दिव्याला रॉकेल आलं, घाणा बसला. गावातून तालुक्याला, तालुक्यातून मुंबईला. पनवेल, पेण, रेवदंडा, अलिबाग इथे सिनेगॉगं उभी राहिली ती एकोणिसाव्या शतकात, नवगावात का नाही? कारण माणसं तोवर सरकली होती. अलिबागचं १८४८ चं, आताची इमारत १९१० ची, इस्रायल आळीत.

कुडाचंघर यांच्या आजीची साक्षच घ्या ना. मे महिन्यात ट्रंका घेऊन मुंबईहून यायचे. म्हणजे ते तेव्हाच चाकरमानी झाले होते. तुमच्याआमच्यासारखे.

रेवसचीलाँच

+१. आणि मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्याच जुन्या मशिदीवरून पडलं म्हणतात.

पेणचागणपती

म्हणणारे म्हणतात. त्या भागात खऱ्या मशिदीही कमी नाहीत हो.

रेवसचीलाँच

यावर वेगळा धागा काढा, मी तिथे भांडायला येतो. इथे एकच भर घालतो: सगळेच तेली होते असंही नाही. आंग्र्यांच्या आरमारात नायकी केलेलं चुरीकर घराणं यांच्यातलंच. शालोम बापूजी इस्रायल हे जंजिऱ्याच्या नवाबाचे कारभारी होते. गांधीजींच्या उपासात नाडी बघणारे डॉ. एरुळकर यांच्यातलेच. आणि वरळीचा डॉ. ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाचा, ते १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते.

लोदची_माहेरवाशीण

नमस्कार. मी हे वाचते नेहमी, लिहिते पहिल्यांदा. मराठी टायपिंग सवयीचं नाही, चुका माफ करा.

माझा जन्म मुंबईचा. आईवडिलांनी मला सहा वर्षांची असताना इकडे आणलं, १९६९ मध्ये. आता इस्रायलमधल्या लोद गावात राहते. घरी आई मराठीच बोलायची, शेवटपर्यंत. हिब्रूत तिला भाजीवाल्याशी भांडता येत नव्हतं म्हणून ती त्याला मराठीत शिव्या द्यायची आणि तो भाव कमी करायचा.

तुम्ही लिहिता "त्यांच्या देशात गेले". आमच्या आधी आलेले सांगायचे, सुरुवात सोपी नव्हती. वाळवंटात तंबू, काम नाही, रंगावरून बोलणी. १९५१ मध्ये काही लोकांनी "आम्हाला परत भारतात पाठवा" म्हणून धरणं धरलं आणि काहीजण खरोखर परत गेलेही. मग लग्नाच्या वेळी धर्मगुरू आमच्या आजी-पणजीचा हिशेब मागायचे, पक्के ज्यू आहात का म्हणून. १९६४ मध्ये आमच्या लोकांनी जेरुसलेमला मोठं आंदोलन केलं, तेव्हा संसदेने ठराव केला की हे सर्व बाबतीत ज्यूच. नवगावात कुणी आम्हाला हा प्रश्न विचारला नव्हता.

पण एक खरं सांगू का, आमच्यातही सगळं गोड नव्हतं. 'गोरा इस्रायल' आणि 'काळा इस्रायल' असे दोन भाग होते. ज्यांच्या आईकडचं रक्त बाहेरचं ते काळे. रोटीबेटी नाही. हे आपण कुणाकडून शिकलो ते सांगायला नको. इकडे आल्यावर सगळेच काळे ठरलो, तेव्हा ते मिटलं.

माझे आजोबा कीर्तन करायचे. हसू नका. योसेफाचं आख्यान, साकी, दिंडी, झांजा सगळं. त्यांच्याकडे पुण्यात १८७४ साली छापलेली पासोव्हरची पोथी होती, एका बाजूला हिब्रू, एका बाजूला मराठी, चित्रात बायका लुगडं नेसून भाकरी करतात. मूळ पोथी कुठे गेली ठाऊक नाही, छापील नक्कल माझ्याजवळ आहे.

आमचं आडनाव नवगावकर. नवगाव मी पाहिलं नाही.

वालाचंबिरडं

ताई, लिहीत राहा. आणि तिकडे वाल मिळतात का?

लोदची_माहेरवाशीण

भारतीय दुकानात मिळतात. पण लवकर मोड येत नाहीत. नणंद म्हणते वाल रुसलेत.

खवचट_मी

आज खवचटपणा बंद. शनिवार समजा.

कुडाचंघर

धागा वर काढतेय, तीन आठवडे गेले. सगळ्यांचे आभार. प्रगती सांगते.

एक: दगडाला भोक नाही. थळचाआगरी जिंकले. ती डोण आहे. मामाला अतिशय वाईट वाटलं, कारण तो गेली चाळीस वर्षं पाहुण्यांना घाणा म्हणून दाखवत होता. तो अजूनही म्हणतो की भोक बुजलं असेल.

दोन: दफनभूमीत गेले. लहानपणी आम्ही तिच्या कडेने बोरं वेचायला जायचो आणि आत जायला घाबरायचो. गावात तिला नुसतं 'कबरी' म्हणतात. निळीशाई, ते उंचवटे पाहिले. तुम्ही म्हणालात तसं झालं.

तीन, आणि यासाठी रेवसचीलाँच यांना माझ्याकडून एक वाटी बिरडं. तहसीलला अर्ज करून वाडीच्या जुन्या फेरफाराची नक्कल काढली. खरेदी १९५४ ची. विकणाऱ्याचं नाव 'अबाजी हसाजी', पुढे आडनाव, आणि 'रा. मुंबई'. हा कागद आमच्या पेटीत दुसऱ्या प्रतीत होताच! मामाने शंभर वेळा वाचलेला. त्याला विचारलं, "हे कोण?" तर म्हणाला, "कुणीतरी मराठा. तेल्यांकडून त्यांनी घेतली असेल, त्यांच्याकडून आपण." म्हणजे शनवार तेली पेटीत होते आणि आम्ही त्यांना बाहेर शोधत होतो.

आजीला नावं वाचून दाखवली. 'अबाजी' ऐकून काही नाही, पण आडनाव ऐकल्यावर म्हणाली, "हां, त्यांची धाकटी सकीना. माझ्याकडून सोलं न्यायची."

आडनाव इथे उघड लिहीत नाही, त्यांच्यापैकी कुणी असतील तर त्यांना विचारल्याशिवाय नको. तिरफळ, १९५४ म्हणजे तुमचा मुद्दा बरोबर: मुंबईला राहणाऱ्याने गावची वाडी विकली. निळीशाई, तुमचाही बरोबर असू शकतो, विकून ते कुठे गेले ते फेरफारात नाही.

तिरफळ

अर्धा विजय स्वीकारतो.

थळचाआगरी

डोण पण जुनीच हाय, इकू नको सांग मामाला.

कुडाचंघर

व्यवहार तूर्त थांबलाय. इतिहासासाठी नव्हे, घेणारा भाव पाडतोय म्हणून.

लोदची_माहेरवाशीण

कुडाचंघर ताई, आडनाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कुडाचंघर

केला आहे. नवगावकर नाहीये, एवढं आधीच सांगते, उगाच आशा नको.

लोदची_माहेरवाशीण

वाचला. हो, आमचे नव्हेत ते. पण थांबा, सकीना नावाची एक बाई आईच्या बरोबर नर्सिंगला होती, ती पुढे अश्दोदला आली. ती त्यांच्यातली का, ते आत्याला विचारते. आत्या ब्याण्णव वर्षांची आहे, दुपारी झोपते. चारनंतर फोन करते.